खोळंब्याचा हिशेब

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, १५ ऑगस्ट २०१० पासून एक नियमावली लागू केली. तिकीट हातात असूनही विमानात चढू न दिलेला, फेरी रद्द झाल्याने अडकलेला आणि उशिरामुळे ताटकळलेला, अशा तिन्ही प्रकारच्या प्रवाशांना विमान कंपनी काय देणे लागते, हे तिच्यात मांडले आहे. त्या गोष्टीला आता दीड दशक उलटून गेले. दरम्यान २०१६ मध्ये भरपाईच्या रकमा वाढल्या, २०१९ मध्ये सरकारने प्रवाशांच्या हक्कांची सनद काढली, तक्रारीसाठी ‘एअरसेवा’सारखी व्यवस्था आली. तरीही फेरी कोलमडली की काउंटरवर तेच घडते: कर्मचारी हात वर करतो, प्रवासी आवाज चढवतो आणि शेवटी खाण्याचे कूपन घेऊन खुर्ची शोधतो. याचा दोष अंमलबजावणीच्या ढिलाईकडे जातोच, पण माझ्या मते त्याहून मोठा दोष नियमाच्या घडणीत आहे. या नियमाने प्रवाशाच्या चहा-जेवणाची सोय केली, तिकिटाचे पैसे परत मिळण्याची वाट मोकळी केली. त्याच्या वेळेला मात्र दर लावला नाही. ज्या वस्तूचा दर द्यावा लागत नाही, ती वाया घालवताना कोणताही व्यवसाय फारसा विचार करत नाही.

युरोपातही सुरुवात अशीच तोकडी होती. १९९१ च्या नियमात, जादा तिकिटे विकल्यामुळे ज्यांना चढू दिले नाही, एवढ्याच प्रवाशांचा विचार होता. १७ फेब्रुवारी २००५ पासून लागू झालेल्या २६१/२००४ क्रमांकाच्या नियमाने रद्द फेऱ्याही कक्षेत घेतल्या आणि अंतरानुसार २५०, ४०० व ६०० युरो असे ठोक दर ठरवले. तिकीट कितीला घेतले होते, याचा या रकमेशी काहीही संबंध नाही. स्वस्त तिकिटे विकणाऱ्या कंपन्या यावर खवळल्या. त्यांची संघटना आणि ‘आयाटा’ ही विमान कंपन्यांची जागतिक संघटना न्यायालयात गेल्या, पण जानेवारी २००६ मध्ये युरोपीय न्यायालयाने नियम वैध ठरवला. मात्र मूळ मजकुरात एक फट होती. रद्द फेरीला भरपाई होती, उशिराला नव्हती. त्यामुळे फेरी रद्द झाली असे न म्हणता ती लांबली असे म्हणणे कंपन्यांच्या सोयीचे होते. स्टर्जन कुटुंब टोरांटोहून फ्रँकफर्टला तब्बल २५ तास उशिरा पोहोचले, तरी कंपनीच्या लेखी तो केवळ उशीर होता. १९ नोव्हेंबर २००९ रोजी न्यायालयाने सांगितले की, तीन तास किंवा त्याहून उशिरा पोहोचणाऱ्याचे नुकसान रद्द फेरीवाल्यासारखेच असते, कारण दोघांचाही गेलेला वेळ परत येत नाही. म्हणून भरपाईही सारखीच.

पुढच्या दशकभरात न्यायालयाने कंपन्यांच्या सबबींना एकेक करून चाप लावला. ‘असामान्य परिस्थिती’ असेल तर भरपाई नाही, हे नियमातच होते. पण ती सिद्ध करण्याचा भार कंपनीवर होता. डिसेंबर २००८ मध्येच ठरले होते की, इंजिनातला बिघाड हा विमाने चालवण्याच्या धंद्याचा भाग आहे, त्याचे खापर नशिबावर फोडता येणार नाही. २०२१ मध्ये स्वतःच्या वैमानिकांनी पगारासाठी केलेला संपही त्याच माळेत बसवला गेला. उलट एप्रिल २०१० मध्ये आइसलँडच्या ज्वालामुखीच्या राखेने आकाश बंद झाले, तेव्हा रोख भरपाई लागू नव्हती. पण अडकलेल्यांच्या जेवणाची व मुक्कामाची जबाबदारी कायम होती आणि तिला मुदतीची वा रकमेची मर्यादा नाही, असे २०१३ मध्ये स्पष्ट झाले. पोहोचण्याची वेळ कोणती धरायची, यावरही निकाल आहे. साल्झबर्गहून कोलोन-बॉनला आलेल्या एका विमानाची चाके दोन तास ५८ मिनिटे उशिरा जमिनीला लागली आणि विमान जागेवर थांबेपर्यंत तीन तास तीन मिनिटे झाली. कंपनी चाकांची वेळ धरत होती. न्यायालयाने २०१४ मध्ये म्हटले, दार उघडून प्रवाशाला बाहेर पडता येते तीच पोहोचण्याची वेळ. तोवर तो कोंडलेलाच असतो. पाच मिनिटांवरून एवढा खल झाला, कारण तिथे मिनिटांना किंमत आली होती.

आता भारतीय नियमावलीकडे वळू. फेरी रद्द झाली आणि वेळेत कळवले नाही, तर परताव्याशिवाय भरपाई आहे: एक तासापर्यंतच्या उड्डाणाला ५,००० रुपये, एक ते दोन तासांच्या उड्डाणाला ७,५०० आणि त्याहून लांबच्या उड्डाणाला १०,०००. पण पुढे एक शेपूट आहे: किंवा एकेरी मूळ भाडे अधिक इंधन शुल्क, यांपैकी जे कमी असेल ते. समजा मुंबई-नागपूर तिकिटावर मूळ भाडे ३,२०० आणि इंधन शुल्क ४०० रुपये आहे. मग ७,५०० चा आकडा कागदावरच राहतो आणि हाती पडतात ३,६००. म्हणजे ज्याने आधी बेत आखून स्वस्तात तिकीट काढले, त्याचाच दिवस सर्वांत स्वस्त ठरतो. उशिराच्या बाबतीत तर रोख भरपाई नाहीच. दोन ते चार तासांच्या पुढे खाणेपिणे, सहा तासांच्या पुढे पर्यायी विमान किंवा परतावा, आणि उशीर चोवीस तासांचा किंवा रात्रीच्या फेरीला सहा तासांचा असेल तर हॉटेल, एवढेच. ऐन वेळी परतावा घेऊन करायचे काय? दुसऱ्या कंपनीचे तिकीट तोवर दुप्पट-तिप्पट झालेले असते. आणि जी फट युरोपने २००९ मध्ये बुजवली, ती आपल्याकडे आजही उघडी आहे. फेरी रद्द केली तर भरपाई, नऊ तास लांबवली तर एक जेवण. मग दोन-दोन तासांनी नवी वेळ जाहीर करत दिवस ढकलणे कंपनीला परवडते. शिवाय सबबींच्या यादीत हवामान, हवाई नियंत्रण, सुरक्षा, सरकारी आदेश यांच्या जोडीला संपही आहे. कोणती सबब लागू होते हे प्रत्यक्षात आधी कंपनीच ठरवते आणि प्रवाशाला मोबाइलवर ‘ऑपरेशनल कारणास्तव’ एवढेच कळते.

सर्वोच्च न्यायालयानेही या प्रश्नाला हात घातला आहे. डिसेंबर २००७ मध्ये धुक्यामुळे रखडलेल्या दिल्ली-हैदराबाद फेरीच्या खटल्यात २०११ साली न्यायालयाने म्हटले की, धुक्यामुळे झालेल्या उशिराला कंपनी जबाबदार नाही. पण विमानात बसलेल्यांना अन्न, पाणी, स्वच्छतागृह मिळणे हा प्रवासाच्या कराराचाच भाग आहे, कंपनी स्वस्त सेवा देणारी असली तरीही. धुक्याबद्दलचा हा निवाडा रास्त आहे. खेद एवढाच की आपल्या धोरणाची मजल त्या किमान सोयींपलीकडे गेली नाही. १४ जानेवारी २०२४ रोजी गोव्याहून दिल्लीला निघालेले, आधीच रखडलेले विमान धुक्यामुळे मुंबईत उतरवावे लागले आणि प्रवासी विमानाशेजारी धावपट्टीच्या आवारातच बसून जेवले. ती चित्रफीत देशभर फिरली. मग विमान कंपनीला १ कोटी २० लाखांचा आणि मुंबई विमानतळाच्या चालकांना एकूण ९० लाखांचा दंड झाला. कारवाई झाली हे चांगलेच. पण दंडाची रक्कम सरकारजमा होते. ज्यांचा खोळंबा झाला, त्यांच्या खात्यात त्यातला एक रुपयाही येत नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये हवामानाची सबबही उरली नाही. वैमानिकांच्या कामाच्या व विश्रांतीच्या तासांचे नवे नियम जानेवारी २०२४ मध्येच जाहीर झाले होते आणि त्यांचा दुसरा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला. तयारीला जवळपास दोन वर्षे मिळूनही देशातल्या सर्वांत मोठ्या कंपनीचे, इंडिगोचे, वेळापत्रक कोसळले. ३ ते ५ डिसेंबर या तीन दिवसांतच अडीच हजारांच्या आसपास फेऱ्या रद्द झाल्या. सरकारला तिकिटांच्या दरांवर मर्यादा घालावी लागली: १,००० ते १,५०० किलोमीटरसाठी १५,००० रुपये. मुंबई-दिल्ली याच टप्प्यात येते. म्हणजे ऐन वेळी त्या मार्गावर पर्याय शोधायला १५,००० पर्यंत लागू शकतात, हे सरकारनेच मान्य केले. त्याच मार्गावरच्या भरपाईची कमाल मर्यादा मात्र १०,००० आणि तीही मूळ भाडे व इंधन शुल्क मिळून तेवढे असेल तरच. नियमाप्रमाणे ५,००० ते १०,००० रुपये आणि जास्त फटका बसलेल्यांना १०,००० चे प्रवास व्हाउचर कंपनीने जाहीर केले. पण त्यासाठी देशभर गहजब व्हावा लागला. एरवी एखाद्या मंगळवारी एकच फेरी आठ तास रखडते, तेव्हा गहजब होत नाही आणि व्हाउचरही येत नाही.

उशिराला दर लावण्याविरुद्धचे आक्षेप हलके नाहीत. पहिला आक्षेप असा की भाडी वाढतील. थोडी वाढतीलही. पण आजही उशिराचा खर्च कोणीतरी भरतोच: बुडालेली मुलाखत, हुकलेले पुढचे विमान, गेलेला रोजगार. तो एका प्रवाशावर पूर्ण पडण्याऐवजी सगळ्यांच्या तिकिटांत वाटला गेला तर ते न्याय्य आहे, आणि ज्या कंपनीच्या फेऱ्या वेळेवर असतील तिच्यावर तो बोजा पडणारही नाही. दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा: भरपाईच्या धाकाने बिघडलेले विमान उडवले जाईल किंवा दमलेल्या वैमानिकाला बसवले जाईल. ही भीती खरी असती, तर तीन तासांची मर्यादा असलेल्या युरोपात ती दिसायला हवी होती. विमानाची तपासणी आणि वैमानिकाची विश्रांती यांचे कायदे वेगळे व कठोर आहेत. भरपाईचा दाब पडायचा तो राखीव विमान आणि राखीव वैमानिक ठेवण्यावर. तिसरा आक्षेप धुके, पाऊस आणि गच्च भरलेल्या विमानतळांचा. त्यासाठी सूट असावीच. पण डीजीसीएच्या मासिक अहवालांत उशिराचे सर्वांत मोठे कारण म्हणून आधीच्या फेरीचा उशीर पुढे सरकणे हेच दिसते. एकच विमान दिवसभरात पाच-सहा फेऱ्या करते. सकाळी गेलेला अर्धा तास संध्याकाळपर्यंत तीन तास होतो. दोन फेऱ्यांमध्ये किती मोकळा वेळ ठेवायचा, हे निसर्ग ठरवत नाही, कंपनीचे वेळापत्रक ठरवते.

उरतो ग्राहक आयोगाचा मार्ग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने प्रवाशाला आपण राहतो त्या जिल्ह्यात दाद मागता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, हे मोठे पाऊल आहे. तरीही तीन-चार हजारांसाठी तारखांमागून तारखा घेणे किती जणांना जमते? युरोपचा अनुभव इथेही शिकवतो. ठोक दर असूनही अनेक प्रवासी स्वतः दावा करत नाहीत आणि दावे चालवणाऱ्या खासगी कंपन्या वसुलीतला मोठा वाटा घेतात. म्हणून पैसे मागितल्यावर नव्हे, आपोआप मिळायला हवेत. प्रवाशाचा फोन, ईमेल आणि पैसे भरल्याचा तपशील कंपनीकडे असतोच. हे आपल्याकडे जमणारे नाही, असे म्हणता येत नाही. आयआरसीटीसीच्या तेजस गाड्यांवर तासाभराच्या उशिराला १०० आणि दोन तासांपुढे २५० रुपये देण्याची योजना होती. जानेवारी २०२० मध्ये मुंबई-अहमदाबाद तेजस रखडली तेव्हा ती लागूही झाली. ती पुढे बंद केली गेली, हे खेदजनक. रेल्वेच्याच एका प्रकरणात २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने चार तासांच्या उशिराबद्दल ३०,००० रुपयांची भरपाई कायम ठेवली, कारण उशीर आपल्या हाताबाहेरचा होता हे रेल्वेला दाखवता आले नाही. शाबिती कोणाकडे मागायची, याचे उत्तर तिथेच आहे.

युरोपातही हा झगडा संपलेला नाही. जून २०२५ मध्ये सदस्य देशांच्या मंत्र्यांनी तीन तासांची मर्यादा अंतरानुसार चार आणि सहा तासांवर नेण्यास संमती दिली आणि युरोपीय संसदेने तिला विरोध केला. एका तासासाठी कंपन्या वर्षानुवर्षे झगडतात, यावरूनच तो तास त्यांच्या नियोजनात किती वजनदार आहे ते कळते. आज युरोपीय कंपनीच्या विमानाने मुंबईहून फ्रँकफर्टला जाणाऱ्या पुण्याच्या कुटुंबाला कंपनीच्या चुकीमुळे उशीर झाला, तर माणशी ६०० युरोपर्यंत हक्क आहे. त्याच कुटुंबाला पुणे-दिल्ली प्रवासात तेवढाच उशीर झाला तर एक कूपन. ही तफावत मिटवायला नवी यंत्रणा नको. कंपनीच्या कारणाने तीन तासांपुढे उशीर झाला तर ठोक भरपाई, ‘जे कमी असेल ते’ हे शब्द रद्द, कारण लेखी देऊन सिद्ध करण्याची सक्ती कंपनीवर, आणि रक्कम सात दिवसांत आपोआप खात्यात: नियमावलीत या चार दुरुस्त्या डीजीसीएला करता येतील. २०१६ मध्ये रकमा बदलल्या, तशी आता मोजपट्टी बदलायला हवी.