अंथरूण-पांघरुणाची शब्दसृष्टी आणि ‘लिनन’चा अर्थ

शयनगृहासाठी चादरी घेण्यास गेलेल्या गृहस्थास आज शहरातील दुकानात एकाच फळीवर तीन पाट्या आढळतात : ‘कॉटन’, ‘लिनन’ आणि ‘बेड लिनन’. पहिल्या दोन पाट्या कापडाचा तंतू कोणता ते सांगतात. तिसरी मात्र तंतूविषयी काहीच सांगत नाही. ‘बेड लिनन’ या नावाखाली ठेवलेली चादर शंभर टक्के सुती असू शकते, आणि बहुधा असतेही. इंग्रजीत ‘लिनन’ हा शब्द आरंभी जवसाच्या तंतूपासून विणलेल्या कापडाचा वाचक होता. युरोपात चादरी, अभ्रे, मेजावरील वस्त्रे ही दीर्घकाळ याच कापडाची होत असल्यामुळे कापडाचे नाव वापराला चिकटले. पुढे कापूस आला, तंतू बदलला, नाव तेवढे राहिले. मराठीने हा शब्द उसना घेताना त्यातील ही संदिग्धताही घेतली आहे. तिचा उलगडा केल्याखेरीज चादरीची निवड डोळसपणे होऊ शकत नाही आणि या विषयावरील मजकुराचे भाषांतरही बिनचूक होत नाही.

मराठीची स्वतःची रीत याहून निराळी आहे. या क्षेत्रातील तिचे दोन प्रधान शब्द क्रियेवर उभे आहेत. जे अंथरावयाचे ते ‘अंथरूण’ व जे पांघरावयाचे ते ‘पांघरूण’. पहिल्याचे मूळ संस्कृत ‘आस्तरण’ होय. दुसऱ्याच्या मागे संस्कृत ‘प्रावरण’ व प्राकृत ‘पंगुरण’ ही रूपे दिसतात. दोन्ही शब्दांत तंतूचा उल्लेख नाही. घरोघरी रात्री अंथरूण घालावयाचे व सकाळी त्याची वळकटी करावयाची, असा परिपाठ असलेल्या समाजात वस्तूचे नाव क्रियेवरून पडावे हे स्वाभाविकच आहे. ‘उशी’ हा शब्दही तसाच. संस्कृत ‘उच्छीर्षक’ म्हणजे ज्यावर डोके उंच राहते ते. येथे नाव शरीराच्या स्थितीवरून आलेले आहे, कापडावरून किंवा आत भरलेल्या द्रव्यावरून नव्हे.

या देशी थरावर पुढे फारसीचा थर चढला. ‘चादर’, ‘पलंगपोस’, ‘अभ्रा’, ‘अस्तर’ हे शब्द त्या थरातील होत. यांपैकी शेवटचे दोन जोडीने पाहण्यासारखे आहेत. अभ्रा म्हणजे बाहेरचे आवरण, अस्तर म्हणजे आतला पदर. ‘सतरंजी’चा संबंध ‘शतरंज’ म्हणजे बुद्धिबळाशी असून पटावरील चौकटींसारखी वीण हे त्या नावाचे कारण मानले जाते. म्हणजे येथे नाव आकृतीवरून आले. अशा रीतीने स्थान, क्रिया, आकृती यांवरून नावे पडत गेली. तंतू मात्र क्वचितच नाव देणारा ठरला.

तंतू बोलत नसला तरी कापडाचे वय मराठीत स्पष्ट बोलते. ‘गोधडी’ आणि ‘वाकळ’ या शब्दांनी केवळ जाड पांघरूण सूचित होत नाही. वापरून व धुऊन मऊ झालेल्या जुन्या लुगड्या-धोतरांचे थर एकावर एक ठेवून धावदोऱ्याने शिवलेले पांघरूण सूचित होते. तान्ह्या मुलाचे दुपटे जुन्या सुती लुगड्याचे करण्याची चाल याच जाणिवेतून आली. नव्या कापडातील खळ गेली, धाग्यांचा ताठा मोडला, की ते अंगाला सुखावते. आजच्या विक्रेत्याला ‘आधीच धुऊन मऊ केलेली’ म्हणून जी चादर अधिक दराने विकावी लागते, तिचा गुण मराठी घरांनी ‘मऊसूत’ या एका शब्दात ओळखून ठेवला होता. ‘कापड’ या शब्दाचा इतिहासही येथे सूचक आहे. त्याचे मूळ असलेल्या ‘कर्पट’ या संस्कृत शब्दाचा अर्थ चिंधी अथवा ठिगळांचे वस्त्र असा होता.

कापसाच्या बाबतीत शब्द आणि वस्तू यांची परंपरा अखंड आहे. ‘कार्पास’पासून ‘कापूस’ झाला. कौटिलीय अर्थशास्त्रात उत्तम सुती वस्त्रांच्या प्रदेशांत अपरांताचा, म्हणजे कोकणपट्टीचा, उल्लेख येतो. सुती पांघरुणाचा एक विलक्षण नमुना मराठी वाङ्मयाच्या इतिहासातही आहे. अंबाजोगाईचे दासोपंत (१५५१–१६१५) यांनी आपले ‘पंचीकरण’ पासोडीवर, म्हणजे जाड सुती पांघरुणाच्या वस्त्रावर, लिहिले आणि ती पासोडी टिकून राहिली. सोलापुरी चादरीस तर आज भौगोलिक निर्देशनाचे कायदेशीर संरक्षण आहे.

जवसाच्या तंतूची कथा याच्या उलट आहे. संस्कृतात या वनस्पतीस ‘अतसी’, ‘उमा’ व ‘क्षुमा’ ही नावे अमरकोशाने दिली आहेत आणि क्षुमेच्या तंतूंचे वस्त्र ते ‘क्षौम’. अर्थशास्त्रात काशी व पुंड्र येथील क्षौमाचा निर्देश आहे. पाली विनयग्रंथांत भिक्षूंस अनुज्ञात असलेल्या चीवरांच्या सहा प्रकारांत ‘खोम’ व ‘कप्पासिक’ हे दोन्ही स्वतंत्रपणे मोजलेले आहेत. परंतु पुढे भारतात जवसाची लागवड मुख्यतः तेलबियांसाठी होऊ लागली. विदर्भ-मराठवाड्यातील शेतकऱ्याला जवस ठाऊक आहे ते तेलासाठी व चटणीसाठी; त्याच्या खोडातून सूत निघते ही गोष्ट व्यवहारातून नाहीशी झाली. ‘अतसी’ची ‘अळशी’ होऊन बी उरले. वस्त्र गेले आणि वस्त्राबरोबर शब्दाचा नेमका अर्थही गेला. क्षौम म्हणजे रेशमी वस्त्र असा समज रूढ झाला तो यामुळेच.

ही पोकळी भाषांतरकारांनी ‘ताग’ या शब्दाने भरून काढली. बायबलच्या मराठी भाषांतरातही ‘लिनन’साठी ‘ताग’ योजलेला आढळतो. या योजनेमागे तर्क आहे, कारण जवस व ताग या दोहोंचा तंतू खोडाच्या सालीतून निघतो. परंतु मराठी शेतकऱ्याचा ताग म्हणजे हिरवळीच्या खतासाठी व दोरांसाठी पेरले जाणारे निराळेच पीक; शहरातील वाचकाला त्या शब्दाने गोणपाट आठवते. ‘तागाची चादर’ असे छापले की ज्या कापडाची ख्याती तलमपणाबद्दल आहे, ते वाचकाच्या मनात पोत्याजवळ जाऊन बसते. शब्दाचा दोष येथे थेट वस्तूच्या मूल्यमापनात उतरतो.

कापूस व जवस यांच्या नावांची सरमिसळ केवळ मराठीत झाली असे मात्र नव्हे. ‘कर्पास’शी संबद्ध असलेला शब्द ग्रीकमध्ये ‘कार्पासोस’ व लॅटिनमध्ये ‘कार्बासुस’ असा दिसतो, आणि लॅटिनमध्ये तो तलम जवसी कापडालाही लावला गेला. पूर्वेकडील कापसाचे नाव पश्चिमेत जवसाला मिळाले. आज पश्चिमेकडील जवसाचे नाव इकडे कापसाला मिळत आहे.

नावांचा हा गुंता सोडविल्यावर निवडीचा प्रश्न बराच सोपा होतो. पहिला प्रश्न तंतूचा. दोन्ही तंतू मूलतः सेल्युलोजचेच आहेत. कापसाचा तंतू आखूड, मऊ व लवचिक असतो; जवसाचा लांब, बळकट व कमी लवचिक. म्हणून जवसी कापडावर चुण्या लवकर पडतात. तो दोष नसून तंतूचा स्वभाव आहे. प्रमाण आर्द्रतेत कापूस आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे ८ टक्के ओल धरतो, तर जवस सुमारे १२ टक्के. शिवाय जवसी कापड ओल लवकर सोडतेही. कोकणातील दमट उकाड्यात किंवा विदर्भाच्या उन्हाळ्यात त्याचा गारवा जाणवतो तो या गुणांमुळे. देशावरील हिवाळ्यात मात्र जाड विणीची सुती चादर किंवा गोधडी अधिक उबदार ठरते.

दुसरा प्रश्न विणीचा. एक उभा व एक आडवा धागा आलटून-पालटून घेतलेली साधी वीण हवेशीर व टिकाऊ असते. सॅटिनची वीण गुळगुळीत, परंतु घासटीला तितकीशी टिकत नाही. वेष्टनावरील ‘थ्रेड काउंट’ म्हणजे एक चौरस इंचातील उभ्या-आडव्या धाग्यांची संख्या. पिळाच्या धाग्यातील प्रत्येक पदर सुटा मोजून ती फुगविता येते. म्हणून केवळ मोठा आकडा हे उत्तमतेचे गमक नव्हे. जवसाचे सूत मुळात जाडसर असल्याने त्या कापडाला हे माप लावणे निरर्थक आहे. तेथे प्रति चौरस मीटर वजन पाहणे इष्ट.

तिसरा प्रश्न वयाचा. नवे जवसी कापड हाताला ताठ लागते, पण प्रत्येक धुण्याबरोबर मऊ होत जाते. ते घेताना पहिल्या रात्रीच्या स्पर्शावर निर्णय न देता दहाव्या धुण्यानंतरचा स्पर्श ध्यानी घ्यावा लागतो. सुती चादर आधी धुतलेली नसल्यास आटते, म्हणून तिचे माप थोडे सैल घेणे युक्त ठरते. गादीला साधी सुती चादर, उकाड्यात अंगावर जवसी पांघरूण आणि थंडीसाठी पायथ्याशी घडी करून ठेवलेली गोधडी, अशी योजना केल्यास प्रत्येक वस्तू आपापल्या गुणाने कामी येते.

भाषेच्या बाजूने निष्कर्ष असा की, तंतूचा निर्देश करावयाचा असेल तेथे ‘लिनन’ हा रूढ झालेला शब्दच ठेवून प्रथम उल्लेखात ‘जवसाच्या सुताचे कापड’ असा खुलासा करावा. ‘ताग’ ताग्यासाठीच राखावा. आणि ‘बेड लिनन’साठी नवा शब्द घडविण्याचे प्रयोजन नाही, कारण ‘अंथरूण-पांघरूण’ हा जोडशब्द तो अर्थ पूर्वीपासून निःसंदिग्धपणे वाहत आला आहे. अंथरूण पाहून पाय पसरावे, असे मराठी म्हण सांगते. ते अंथरूण कशाचे आहे हे पाहण्यासाठी त्यावरील पाटीचा अर्थ आधी कळला पाहिजे.