पाठीवरचा वारा

जानेवारीतली सकाळ, वेळ साडेसहाची. सुरूच्या बनातून बाहेर पाऊल टाकले की समोर समुद्र परातीतल्या पाण्यासारखा निवांत. लाट अशी नाहीच. वाळूच्या कडेला फेसाची बारीक रेघ उमटते आणि विरते. कोकणात किंवा गोव्यात कयाक आणि पॅडलबोर्डची शर्यत भरवणाऱ्यांना नेमकी हीच वेळ हवी असते. ऊन नाही, गर्दी नाही, फोटो झकास येतात आणि आयुष्यात पहिल्यांदा वल्हे हातात धरणाऱ्यालाही पाण्याची भीती वाटत नाही.

ती थोडी वाटायला हवी. का, ते शाळेच्या भूगोलात आपण सगळ्यांनी पाठ केले आहे. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे येतात ते खारे वारे, रात्री जमिनीकडून समुद्राकडे जातात ते मतलई वारे. परीक्षा झाली आणि आपण ते विसरलो. रात्रभर थंडावलेल्या जमिनीवरून निघालेला मतलई वारा सूर्य चांगला वर येईपर्यंत वाहत असतो, आणि किनाऱ्यालगतचे पाणी गुळगुळीत दिसते त्यात त्याचा मोठा हात असतो. वाळूवर उभ्या असलेल्या माणसाला तो जाणवत नाही, कारण पाठीशी सुरूचे बन, माडांची रांग, घरे असतात. शंभर-दोनशे मीटर आत गेले की हा आडोसा संपतो. जाताना वल्हे हलके लागते, आपल्याला छान जमायला लागले असे वाटते. परतीसाठी तोंड फिरवल्यावर कळते की काम वारा करत होता.

शिडाच्या होड्यांच्या काळात मच्छीमार याच वाऱ्यावर पहाटे बाहेर पडत आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर घरी येत. वाऱ्याचे वेळापत्रक त्यांना उपयोगाचे होते, कारण दुपारपर्यंत थांबायची त्यांची तयारी असे. आपल्या शर्यतीचा बक्षीस समारंभ मात्र साडेनऊला ठरलेला असतो.

पॅडलबोर्डवर उभा माणूस म्हणजे एक शीडच. नवशिका जोर लावून तासाला चार-पाच किलोमीटर जाईल. समोरून वारा आला की तो वेग निम्म्यावर येतो, दमला की शून्यावर, आणि मग उलट्या दिशेला सुरू होतो. म्हणून जाणकार प्रशिक्षक पहिल्या दिवशी उभे राहायला शिकवण्याआधी गुडघ्यावर बसायला आणि पालथे पडून हातांनी पाणी कापायला शिकवतात. फुगवून वापरायचे बोर्ड तर आणखी हलके. जगभरच्या जीवरक्षकांच्या झेंड्यांमध्ये या एका धोक्यासाठी वेगळी खूण आहे. खांबावर फुगलेली केशरी कापडी नळी दिसली, तर वारा जमिनीकडून वाहतो आहे आणि फुगवलेली कोणतीही वस्तू पाण्यात न्यायची नाही. लाल-पिवळ्या झेंड्यांमधली जागा पोहणाऱ्यांची, हे आपल्याकडे आता बऱ्याच जणांना ठाऊक झाले आहे. केशरी नळीची ओळख व्हायची आहे.

या वाऱ्याने काय होऊ शकते याचा सगळ्यात तपशीलवार अभ्यासलेला प्रसंग आपल्यापासून फार दूरचा आहे, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या लाइम बे या उपसागरातला. २२ मार्च १९९३ रोजी प्लिमथमधल्या एका शाळेची आठ मुले, एक शिक्षक आणि साहसकेंद्राचे दोन प्रशिक्षक कयाक घेऊन लाइम रीजिसहून शेजारच्या चारमथला निघाले. अंतर जेमतेम तीन किलोमीटर, किनाऱ्याकिनाऱ्याने. दुपारी जेवायला परत यायचे होते. वारा जमिनीकडून होता. निघाल्यावर थोड्याच वेळात शिक्षकांची कयाक उलटू लागली. एक प्रशिक्षक त्यांच्यापाशी थांबला, दुसऱ्याने आठ मुलांना एकमेकांच्या कयाक धरून गोळा व्हायला सांगितले. तो पुंजका बघता बघता आत वाहत गेला. किनारा लांबला तशा लाटा मोठ्या झाल्या. कयाकमध्ये पाणी शिरू नये म्हणून बसणाऱ्याच्या कमरेभोवती ताणून बसवायचे आवरण मुलांकडे नव्हते. एकेक कयाक पाण्याने भरत गेली. प्रकाशबाण नव्हते, रेडिओ नव्हता. प्रशिक्षकांकडे समुद्रात गट घेऊन जाण्याची पात्रताही नव्हती. चार मुले गेली.

या प्रकरणातला मला सर्वांत अस्वस्थ करणारा तपशील घड्याळाचा आहे. गट बाराच्या सुमारास परत यायचा होता. केंद्राने तटरक्षकांना कळवले तेव्हा साडेतीन वाजत आले होते. दरम्यान किनाऱ्यावर कुणी दुष्टपणा करत नव्हते. येतील, चारमथला थांबले असतील, अजून थोडी वाट पाहू, अशीच माणसे विचार करतात. पाण्यातल्या मुलांसाठी तेवढ्या वेळात सगळे ठरून गेले होते.

डिसेंबर १९९४ मध्ये न्यायालयाने केंद्र चालवणारी कंपनी आणि तिचा व्यवस्थापकीय संचालक या दोघांनाही मनुष्यवधासाठी दोषी ठरवले. इंग्लंडच्या इतिहासात एखादी कंपनी या गुन्ह्यासाठी दोषी ठरण्याची ती पहिली वेळ. संचालकाला तीन वर्षांची शिक्षा झाली, अपिलात ती दोनवर आली. खटल्यात निर्णायक ठरले ते एक पत्र. दुर्घटनेच्या आधीच्या वर्षी त्या केंद्रातल्या दोन प्रशिक्षकांनी संचालकाला लिहून सुरक्षेच्या त्रुटी कळवल्या होत्या. पुढे १९९५ मध्ये ब्रिटिश संसदेने मुलांना साहसी खेळांना नेणाऱ्या केंद्रांसाठी परवान्याचा कायदा केला.

आपल्याकडे असे प्रसंग घडले की चर्चा लाइफ जॅकेटपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. जॅकेट हवेच, पण लाइम बेच्या मुलांच्या अंगावरही तरंगायची साधने होती. उणीव होती ती तीन गोष्टींची: आज नको म्हणणारा माणूस, परतीच्या वेळेनंतर किती मिनिटांनी कुणाला फोन करायचा याचा आधी लिहून ठेवलेला आकडा, आणि मोजणी.

मोजणीपासून सुरुवात करू, कारण ती फुकट आहे. पाण्यात जाणाऱ्या प्रत्येकाचा क्रमांक वहीत, आणि बाहेर आल्यावर त्याच माणसाने येऊन त्याच वहीत खूण करायची. काही ठिकाणी फळ्यावर खिळे ठोकून बिल्ले टांगतात. बिल्ला घेऊन जायचे, आणून टांगायचे. रिकामा खिळा लांबूनही दिसतो. शर्यत अर्धवट सोडून मधेच कुठेतरी किनाऱ्याला लागलेला आणि रिक्षाने हॉटेलवर गेलेला स्पर्धक हा या वहीचा सगळ्यात मोठा शत्रू. त्याच्यासाठी बोटी समुद्र पिंजून काढतात, आणि तेवढ्या वेळात खरोखर अडचणीत असलेल्याकडे कुणाचे लक्ष राहत नाही. त्याला आधीच खडसावून सांगावे लागते.

नको म्हणणारा माणूस मिळणे कठीण. प्रायोजकांचे फलक लागलेले असतात, पुण्या-मुंबईहून लोक रात्रभर गाडी चालवून आलेले असतात, उद्घाटनाला पाहुणे येऊन बसलेले असतात. अशा वेळी ‘वारा जरा आहे, पण होईल’ हे वाक्य हमखास ऐकू येते. म्हणून निर्णयाचे आकडे आदल्या आठवड्यात, डोके थंड असताना कागदावर उतरवायचे. समजा, नवशिक्यांच्या फेरीसाठी वाऱ्याची मर्यादा तासाला वीस किलोमीटर; जमिनीकडून असेल तर त्याहून बरीच खाली. वारा मोजायचे हातातले यंत्र फार महाग नसते. फक्त ते वाळूवर नव्हे, बोटीतून आडोशाबाहेर जाऊन धरायचे. आणि आकडा ओलांडला की थांबवण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे, त्याचा प्रवेश शुल्काशी आणि प्रायोजकांशी काडीचाही संबंध नसावा.

दिशा बदलता येत नसली तरी वेळ आणि मार्ग बदलता येतो. नवशिक्यांची फेरी किनाऱ्याला समांतर, कमरेइतक्या पाण्याजवळून ठेवता येते. मतलई वारा पडून खारा सुरू होण्याआधी सकाळी उशिरा थोडा वेळ दोन्ही वारे गप्प असतात, तो पकडता येतो. मग ऊन लागते, पाणी जास्त प्यावे लागते, मांडव घालावा लागतो. युरोपातल्या नियमावल्यांमध्ये गारठ्याची पाने भरलेली असतात. आपल्याकडे त्या जागी उष्माघात लिहावा. फोटो मात्र कमी चांगले येतात, हे मान्य.

आता भरती-ओहोटी. कोकणात जुन्या माणसांना भरतीची वेळ काढायला तक्ता लागत नाही. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन. म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती, पहाटे आणि दुपारी. अष्टमीला सहा. हा हिशोब मुंबईच्या आसपास चांगला बसतो, दक्षिणेला सरकावे तशी भरती थोडी आधी येते, आणि कार्यक्रमासाठी अधिकृत तक्ताच पाहायचा. पण हिशोब करून बघा. चतुर्थीला पहाटे तीनला भरती, नऊला पूर्ण ओहोटी. सहा तासांत पाणी सारख्या वेगाने उतरत नाही. पहिल्या तासात एक बारांश, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा कमी. म्हणजे निम्मे पाणी मधल्या दोन तासांत जाते, पाच ते सात. आपली साडेसहाची शर्यत बरोबर त्यात. आणि ती एखाद्या खाडीच्या मुखाशी असेल, तर खाडीचे पाणी, ओहोटी आणि मतलई वारा असे तिघेही एकाच दिशेला ओढत असतात.

खाडीचे मुख आयोजकांना आवडते, कारण एका बाजूला संथ पाणी आणि दुसऱ्या बाजूला लाट असे दोन्ही मिळते. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते ती जागा म्हणूनच पर्यटकांनी गजबजलेली असते. मार्च २०२४ मध्ये पॅडलबोर्डची आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली तो मंगळुरूजवळचा ससिहित्लू किनाराही शांभवी आणि नंदिनी या नद्यांच्या संगमाशी आहे. अशा जागा वर्ज्य नाहीत. तिथे भरती चढत असताना खेळवायचे, उतरत असताना नाही, एवढेच.

वाहत्या पाण्यात आणखी एक गोष्ट बदलते, ती म्हणजे पायाची दोरी. बोर्ड हातातून सुटू नये म्हणून घोट्याला बांधायची ही दोरी समुद्रात जीव वाचवते, कारण बोर्ड हाच तराफा. पण प्रवाहात बोर्ड एखाद्या खुंटाच्या एका बाजूला आणि माणूस दुसऱ्या बाजूला गेला, तर तीच दोरी त्याला पाण्याखाली धरून ठेवते, आणि प्रवाहाच्या जोरापुढे हात घोट्यापर्यंत पोचत नाही. ३० ऑक्टोबर २०२१ रोजी वेल्समधल्या हॅवरफर्डवेस्टला पुराच्या पाण्यात पॅडलबोर्डवर निघालेल्या नऊ जणांच्या गटातले काही जण बंधाऱ्यावरून खाली गेले आणि चौघांचा जीव गेला. चौकशीत घोट्याच्या दोरीचा मुद्दा ठळकपणे आला. पुढे बंधारा आहे, हेही सहभागी लोकांना नीट सांगितले गेले नव्हते. प्रवाहात दोरी कमरेच्या पट्ट्याला हवी, एका हिसक्यात सुटणारी. खाडीकाठच्या खुंट्या, मासेमारीची जाळी, नांगरलेल्या होड्यांचे दोर पाहता आपल्याकडेही हाच नियम लागू व्हावा.

जॅकेटबद्दल थोडेसेच. वल्हवताना घालतात ते पन्नास न्यूटनचे जॅकेट शुद्धीत असलेल्या, पोहता येणाऱ्या माणसाला तरंगवते. बेशुद्ध माणसाचा चेहरा ते आपणहून वर फिरवत नाही. म्हणजे जॅकेट आहे म्हणून बोट दहा मिनिटे उशिरा आली तरी चालेल, असे नसते. घातल्यावर खांद्याच्या पट्ट्यांना धरून वर ओढून पाहायचे; कानापर्यंत आले तर ते फक्त फोटोपुरते आहे.

आणि बोट. गावातल्या फायबर बोटी भरवशाच्या, त्यांच्या तांडेलांना पाण्याची खोड न खोड माहीत. पण उंच काठावरून दमलेल्या माणसाला आत घेणे दोघांच्या हातूनही सहज होत नाही, आणि पाण्यातल्या माणसाजवळ फिरता पंखा नेणे हा स्वतंत्र धोका. आदल्या दिवशी एकाला मुद्दाम पाण्यात टाकून, त्याला वर घ्यायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून पाहावे. ज्या जेट स्कीवर त्याच वेळी पर्यटकांच्या फेऱ्या चालू आहेत, ती बचावाची बोट म्हणून यादीत लिहू नये. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक प्रत्येक बोटीत चिकटवलेला असावा. हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या केंद्राचा उंच लाटांचा इशाराही रोज पाहावा. दक्षिण महासागरातल्या वादळातून निघालेली लाट आपल्याकडे वारा नसतानाही येऊन थडकते.

वाळूवर एक खुर्ची लागते, जरा उंचावर. तिच्यात दुर्बीण घेऊन बसलेल्याने ध्वनिक्षेपकावर बोलायचे नाही, टी-शर्ट वाटायचे नाहीत, कुणी हाक मारली तरी मान वळवायची नाही. शेवटचा बोर्ड वाळूवर येतो, पोह्यांच्या प्लेटा गोळा होतात, पदके गळ्यात पडतात, आणि वहीत अजून एका क्रमांकापुढे खूण नसते. बहुतेक वेळा तो गाडीत एसी लावून झोपलेला सापडतो. त्याला उठवून, त्याच्याच हातून खूण करून घेतल्यावर खुर्ची उचलायची.