सामान तुमचं, ट्रक सगळ्यांचा: नाशिकहून लांब घर हलवताना



धंद्यात आपण एक गोष्ट सारखी घोकतो: जे लिहिलेलं नाही, ते दिलेलं नाही. उधारी असो, माल असो, नाहीतर तोंडी ठरलेला भाव असो. पण स्वतःचं घर हलवायची वेळ आली की आपण हाच नियम विसरतो. माझ्या मावशीच्या घरी हेच झालं.

मावशी इंदिरानगरला राहायची. मुलाला बेंगळुरूला नोकरी लागली आणि सगळ्यांनी तिकडे जायचं ठरलं. सामान वन बीएचकेचं, पूर्ण ट्रक परवडेना, म्हणून शेअरिंगची गाडी केली. सामानात तिचं शिलाई मशीन होतं, बिडाच्या स्टँडचं. त्याच मशीनवर ब्लाऊज आणि फॉल-पिको करून तिने दोन मुलांची शिक्षणं केली. बेंगळुरूला गाडी उतरली तेव्हा स्टँडचे दोन तुकडे झालेले. यादीत काय लिहिलं होतं? ‘किरकोळ सामान, 1 नग’. किंमत कोरी. भरपाई मागितली तर समोरून अगदी नम्रपणे दोनच प्रश्न आले: कुठली वस्तू? किती किमतीची? कागदावर उत्तर नव्हतं, विषय संपला. बीड जोडून घेणंही सोपं नसतं. शेवटी मशीनला मोटर बसवून ते टेबलावर ठेवलं, पण पायाने चालवायची वीस वर्षांची सवय काही टेबलाला कळत नाही.

म्हणून आजचा विषय हा. घर हलवणाऱ्यांसाठी आहेच, पण पॅकिंग-शिफ्टिंगचा व्यवसाय करणाऱ्यांनीही वाचा. ग्राहकाला या गोष्टी आधी सांगणाराच पुढचं काम मिळवतो.

आधी हिशोब समजून घ्या

पूर्ण ट्रक केला तर सामान दोनदा हाताळलं जातं: एकदा चढवताना, एकदा उतरवताना. शेअरिंगमध्ये बहुतेक वेळा तसं होत नाही. घरून छोट्या हत्तीत, तिथून द्वारका किंवा आडगावकडच्या गोदामात, गोदामातून मोठ्या ट्रकमध्ये. पोहोचल्यावर हीच उलटी फेरी. मोजा: सहा वेळा! पंचवटीतल्या किंवा जुन्या नाशकातल्या गल्लीत राहत असाल, तर घरापासून छोट्या गाडीपर्यंतची हातगाडी वेगळीच.

म्हणजे भाडं कमी, पण हाताळणी तिप्पट. आणि दृष्टीआड सृष्टी: गोदामात तुमच्या खोक्यावर कोणाचं कपाट चढलं, हे बघायला तुम्ही तिथे नसता. त्यामुळे पॅकिंग प्रवासासाठी नाही, त्या सहा हाताळण्यांसाठी करायचं.

दुसरा हिशोब जागेचा. शेअरिंगचं भाडं बऱ्याचदा घनफुटावर ठरतं. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, सगळं फुटात. दीड बाय दीड बाय दोन फुटांचं खोकं म्हणजे साडेचार घनफूट. अशी 20 खोकी म्हणजे 90 घनफूट. 14 फुटी गाडीचा हौदा 6 बाय 6 धरला तर एकूण जागा 504 घनफूट. आता तुम्हीच ठरवा, माळ्यावरचा तो जुना मोडका कूलर हजार किलोमीटर न्यायचा का? भंगारात द्या, जागेचे पैसे वाचतील.

पॅकिंग: नाशिककरांसाठी खास

आपल्याकडे खोकी स्वस्तात मिळतात, द्राक्षांची कृपा. पण द्राक्षाच्या खोक्याला हवा खेळायला भोकं असतात आणि ते चार-पाच किलोच्या हिशोबाने बनलेलं असतं. त्यात स्टीलची भांडी भरली तर दुसऱ्या हाताळणीतच तळ सुटणार. जाड, पाच पदरी खोकी घ्या. तळाला मधल्या फटीवर आणि दोन्ही कडांवर टेप मारा.

• जड वस्तू लहान खोक्यात, हलक्या मोठ्या खोक्यात. पुस्तकांचं मोठं खोकं भरलं तर हमालाला उचलणार नाही. तो ते ओढणार किंवा टाकणार.
• काचेच्या बशा आडव्या रचू नका, उभ्या कडेवर ठेवा. मधली पोकळी जुन्या कपड्यांनी भरा. खोकं हलवल्यावर आवाज आला तर ते अजून भरलेलं नाही, असं समजा.
• फ्रिज आदल्या दिवशी बंद करून बर्फ आणि पाणी काढा. न्यायचा उभाच. पोहोचल्यावर काही तास तसाच राहू द्या, मग चालू करा.
• फ्रंट लोड वॉशिंग मशीनसोबत कंपनीने ट्रान्झिट बोल्ट दिलेले असतात. ते शोधा आणि लावा. ड्रम मोकळा राहिला तर आतून मार खातो.
• टीव्ही उभाच ठेवायचा, त्याच्या मूळ खोक्यात असेल तर उत्तम. इन्व्हर्टरची बॅटरीही उभी, तिच्या टोकांना टेप लावून.
• शिलाई मशीनचं डोकं स्टँडपासून वेगळं करा. बिडाचा भाग गोधडीत गुंडाळा आणि त्यावर ‘बीड, आपटू नये’ असं लिहा.

आता शेअरिंगमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. तुमची कैरीच्या लोणच्याची बरणी फुटली तर तेल फक्त तुमच्या गादीवर सांडत नाही, शेजारच्या कुटुंबाच्या सोफ्यावरही सांडतं. तेल, लोणचं, फिनेल, रंग, असं काहीही पातळ ट्रकमध्ये देऊ नका. वर्षाचे गहू न्यायचे असतील तर कोरड्या, घट्ट बंद डब्यात. याउलट बाजू अशी, की गाडीने आधी कांदा वाहिलेला असू शकतो. हौदा ओला आहे का, वास येतो का, ते विचारा. पावसाळ्यात तर गाद्यांना प्लास्टिक हवंच, वरची ताडपत्री फाटकी नाही ना तेही बघा.

काय द्यायचं नाही

गॅस सिलिंडर ट्रकमध्ये अजिबात नाही. एजन्सीत सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करा, टर्मिनेशन व्हाउचर आणि डिपॉझिट परत घ्या. नव्या गावी त्यावर कनेक्शन मिळतं. दागिने, कागदपत्रं, औषधं, लॅपटॉप आणि देव्हाऱ्यातले देव तुमच्यासोबत, तुमच्या हातात.

दुचाकी देत असाल तर पेट्रोल काढून टाका. आणि दुसऱ्या राज्यात ती 12 महिन्यांपेक्षा जास्त वापरणार असाल तर तिथे नव्याने नोंदणी लागते, त्यासाठी इथल्या आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र आधीच काढा. तिथून परत येऊन ते काढणं म्हणजे रजा आणि तिकीट दोन्ही खर्च.

कागद: इथेच खरा पैसा आहे

वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल लागत नाही. पण घरून व्यवसाय करणाऱ्या ताईंनी नीट ऐका: विक्रीच्या साड्या, मसाल्याची पाकिटं, नवा माल हे ‘वापरलेलं घरगुती सामान’ नाही. असा माल राज्याबाहेर 50,000 रुपयांच्या वर जात असेल तर बिल किंवा चलन आणि ई-वे बिल लागतं. तो गाद्यांच्या मध्ये लपवून पाठवलात आणि गाडी अडवली, तर तुमच्यासोबत आणखी चार कुटुंबांची घरं रस्त्यात अडकतील. स्टॉक वेगळा पाठवा, आधी सीएशी बोला.

आता मावशीच्या मशीनकडे येऊ. आपल्याकडे रस्ते मालवाहतुकीचा 2007 चा कायदा आहे आणि त्याचे 2011 चे नियम. त्यानुसार जास्त जोखमीचा वेगळा दर भरलेला नसेल, तर वाहतूकदाराची जबाबदारी साधारणपणे भाड्याच्या दहा पटीपर्यंत आणि तीही तुम्ही जाहीर केलेल्या किमतीच्या आत. म्हणजे भाडं 15,000 असेल तर वरची मर्यादा दीड लाख. पण तुम्ही किंमत 5,000 लिहिलीत तर 5,000 च. नुकसानीबद्दल दावा लावण्याआधी लेखी नोटीस द्यावी लागते, तीही बुकिंगच्या तारखेपासून 180 दिवसांच्या आत. फोनवरचं ‘बघतो साहेब’ म्हणजे नोटीस नव्हे.

म्हणून हे करा:

• प्रत्येक नगावर क्रमांक: 1/27, 2/27, असं शेवटपर्यंत.
• यादीत ‘किरकोळ’ हा शब्द बंद. वस्तू, तिची स्थिती आणि खरी किंमत लिहा.
• भरताना प्रत्येक खोक्याचा फोटो, महागाच्या वस्तूंचा चालू स्थितीतला व्हिडिओ.
• यादीच्या दोन प्रती, दोन्हीवर सह्या. बिल्टीवर नगांची संख्या तीच आहे ना, ते तपासा.
• इन्शुरन्सचे पैसे घेतले असतील तर विमा कंपनीचं प्रमाणपत्र मागा. बिलावर नुसतं ‘इन्शुरन्स’ लिहिलेलं पुरत नाही.
• उतरवताना नग मोजा. तुटफूट दिसली तर सही करण्याआधी पावतीवरच तसं लिहा.

ड्रायव्हरला घाई असते, त्याला पुढची तीन घरं गाठायची असतात. त्याला पाणी द्या, चहा द्या, पण मोजल्याशिवाय सही देऊ नका.

आजचा गृहपाठ

घर हलवणार असाल तर आज एकच काम करा: वही घ्या आणि घरातल्या अशा पाच वस्तू लिहा, ज्या तुटल्या तर फक्त पैशाचं नुकसान होणार नाही. त्यांचं पॅकिंग स्वतःच्या हाताने करा आणि यादीत त्यांची नावं सगळ्यात वर टाका.

आणि शिफ्टिंगचा धंदा करत असाल, तर ही यादी छापून ग्राहकाच्या हातात द्या. भरपाईच्या भांडणात एक ग्राहक गमावण्यापेक्षा एका कागदाचा खर्च केव्हाही परवडतो.

मावशीच्या यादीत सत्तावीस नग होते. सव्वीस नीट पोहोचले. तिला विचारा, ती त्या एकाबद्दलच बोलते.