प्वासीचा पांढरा चौरंग

पाहुणा या घरी पायी येईल, असं ते बांधणाऱ्याने गृहीतच धरलं नव्हतं. पाहुणा पॅरिसहून मोटारीने यायचा. फाटकातून आत शिरलेली गाडी झाडांमधून गवताच्या मैदानावर यायची आणि थेट घराच्या पोटाखाली जायची. वर पहिला मजला, बाजूला सडपातळ खांबांची रांग आणि समोर काचेची अर्धगोल भिंत. त्या भिंतीचा बाक ठरवला होता मोटारीच्या वळणाने. गाडीला वळायला जेवढी जागा लागते, तेवढी सोडून भिंत आत घेतली होती. मंडळी दारात उतरली की शोफर तसाच वळसा घेऊन तळमजल्यावरच्या गॅरेजमध्ये गाडी तिरकी लावायचा. तिथे तीन गाड्यांची सोय होती. स्वयंपाकघर कुठे, देव्हारा कुठे, असल्या प्रश्नांपासून घराचा आराखडा सुरू होतो अशी आपली समजूत. इथे तो चाकापासून सुरू झाला.

हा व्हिला सव्हॉय. पॅरिसच्या पश्चिमेला सुमारे ३० किलोमीटरवर प्वासी नावाचं गाव आहे. तिथल्या एका टेकाडावर तो १९२८ ते १९३१ या काळात उभा राहिला. मालक पिएर सव्हॉय विम्याच्या धंद्यातले, खाऊनपिऊन सुखी. त्यांना आणि त्यांच्या पत्नी युजेनी यांना शनिवार-रविवारसाठी गावाबाहेर घर हवं होतं. जागा भरपूर होती, सुमारे सात हेक्टर, आणि टेकाडावरून सीन नदीचं खोरं दिसायचं. बाईंच्या मागण्या अगदी व्यवहारी होत्या: गरम-गार पाणी, गॅस, वीज, थंडीत घर उबदार ठेवायची सोय. काम सोपवलं ल कॉर्बुझिए आणि त्याचा चुलतभाऊ पिएर जानरे यांच्याकडे.

ल कॉर्बुझिए हे घेतलेलं नाव. मूळचा हा शार्ल-एदुआर जानरे, १८८७ साली स्वित्झर्लंडमधल्या घड्याळं बनवणाऱ्या गावात जन्मलेला. बाप घड्याळांच्या तबकड्यांवर मीनाकाम करायचा. मोटारी, विमानं, महासागर ओलांडणाऱ्या बोटी यांचं मुलाला भारी वेड. घर म्हणजे राहायचं यंत्र, हे त्याचं म्हणणं १९२३पासून गाजत होतं. त्याचे विरोधक याच वाक्याला धरून त्याला झोडपायचे आणि भक्त त्याच वाक्याला कवटाळायचे.

या घराचं कोडं सोडवायचं तर आधी भिंतीकडे बघावं लागतं. जुन्या पद्धतीच्या दगड-विटांच्या घरात भिंत जागा अडवते आणि वरचा भारही पेलते. त्यामुळे तिला जाड व्हावं लागतं, खालच्या भिंतीवरच वरची भिंत घ्यावी लागते, आणि खिडकी हवी तेवढी रुंद करता येत नाही. सळ्या घातलेलं काँक्रीट आलं आणि भार स्लॅबवरून खांबात, खांबातून पायात उतरू लागला. भिंतीवरचं ओझंच गेलं. आज आपल्याकडचा तालुक्याच्या गावातला कंत्राटदारही आधी कॉलम उभे करतो आणि नंतर विटा भरतो, म्हणून यातलं नवल आपल्याला जाणवत नाही. ल कॉर्बुझिएने १९१४मध्येच असा सांगाडा कागदावर काढला होता: तीन स्लॅब, सहा खांब, एक जिना आणि भिंत एकही नाही. १९२७मध्ये श्टुटगार्टला नव्या घरांचं प्रदर्शन भरलं, तेव्हा त्याने यातून निघणारी पाच सूत्रं जाहीर केली. घर खांबांवर उचला, खालची जमीन मोकळी राहील. गच्ची सपाट करा आणि तिच्यावर बाग करा. आतल्या भिंती मनाला येईल तिथे घ्या. बाहेरचा दर्शनी भाग खांबांपासून सुटा ठेवा. आणि खिडकी उभी न ठेवता आडवी, या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढा.

वास्तुशास्त्राच्या वर्गात ही पाच सूत्रं पाठ करून घेतात. खरं म्हणजे सूत्र एकच आहे. भिंतीला भारातून सोडवलं की बाकीची चार आपोआप हाताशी येतात. प्वासीत ही सगळी एकाच वास्तूत आणि आडपडदा न ठेवता दिसतात. गवतात एक पांढरा चौरंग ठेवावा तसं घर उभं आहे. तळमजल्याची भिंत गडद हिरव्या रंगाची, मागे सरकवलेली, म्हणजे झाडांत मिसळून जाते आणि नजरेला वरची पांढरी पेटीच तेवढी दिसते. पेटीच्या चारी बाजूंनी खिडक्यांची एकच पट्टी फिरते. गंमत अशी की गच्चीसमोरही ती पट्टी तशीच पुढे जाते, फक्त तिथे काच नाही. त्यामुळे आत दिवाणखाना आहे की उघडी गच्ची, हे बाहेरून कळत नाही.

पण खरं सांगायचं तर या पाच सूत्रांनी हे घर मोठं झालं असं मला वाटत नाही. ती लावून बांधलेली कंटाळवाणी घरं जगभर पडली आहेत. या घराचा प्राण आहे त्याचा रॅम्प, आणि तो पाचांत नाही.

दारातून आत आलं की हॉलमध्ये एक पांढरं वॉशबेसिन उभं दिसतं. खोलीत नाही, कोपऱ्यात नाही, भर वाटेत. धुळीच्या रस्त्याने आलात, हात धुवा आणि मग वर चला, एवढं ते बजावतं. शेजारून गोल जिना वर जातो, तो घाईचा. समोरून निघतो तो रॅम्प, निवांत चालणाऱ्यासाठी. चढ असा मंद की पायांकडे बघावं लागत नाही. जिन्यावर माणूस पायऱ्या सांभाळतो. रॅम्पवर नजर मोकळी राहते, आणि वास्तुकाराला नेमकी तीच हवी होती. अर्ध्यावर वळलं की उजेडाची बाजू बदलते, काचेतून गच्चीचा तुकडा दिसतो आणि नाहीसा होतो. पहिल्या मजल्यावर पोचलं की दिवाणखाना, आणि त्याची गच्चीकडची अख्खी भिंत काचेची. तिचं मोठं तावदान बाजूला सरकवलं की खोली आणि गच्ची एक होतात. इथे रॅम्प थांबत नाही. तो आता उघड्यावरून, गच्चीतून, वरच्या छताकडे निघतो. माथ्यावर समोर एक बाकदार भिंत आहे आणि तिला बरोबर रॅम्पच्या रेषेत एक चौकोनी भोक. त्या भोकातून सीनचं खोरं दिसायचं. मोटारीपासून निघालेली वाट अशी आभाळात जाऊन संपते. चालताचालताच वास्तू उलगडली पाहिजे, हा धडा अरबी वास्तुकलेने शिकवला, असं ल कॉर्बुझिए सांगायचा.

त्या बाकदार भिंतींची कथा ऐकण्यासारखी आहे. पहिल्या आराखड्यात तिथे, छतावर, बाईंची झोपायची खोली होती. खर्च हाताबाहेर जायला लागला तेव्हा खोली कापली गेली, भिंती मात्र राहिल्या. उन्हात पडताना वारा अडवायला त्या उपयोगी, असं कारण मग देण्यात आलं. आज घराच्या प्रत्येक छायाचित्रात उठून दिसते ती हीच गेलेल्या खोलीची उरलेली भिंत.

रॅम्पसाठी आणखीही बरंच मोडावं लागलं. खांब बाहेरून पाहिले तर शिस्तीत, पावणेपाच मीटरच्या अंतराने, ओळीला पाच. पण अशा मांडणीत मधली ओळ नेमकी घराच्या मध्यावर येते, आणि तिथेच रॅम्प. मग आत खांब सरकवले, कुठे जोडीने घेतले, कुठे गोलाचे चौकोनी केले, कुठे भिंतीत लपवले. पांढरेपणाचंही तसंच. अखंड काँक्रीटमधून ओतल्यासारख्या दिसणाऱ्या त्या भिंती आतून साध्या बांधकामाच्या, वरून गिलावा करून रंगवलेल्या. साहित्याच्या प्रामाणिकपणावर व्याख्यानं झोडणाऱ्यांनी हे घर डोक्यावर घेतलं, याची मला नेहमी मौज वाटते. आणि यंत्र म्हटलं तरी ते चालवायला माणसं लागायचीच. नोकरांच्या खोल्या आणि शोफरची जागा त्या हिरव्या, नजरेआड जाणाऱ्या तळमजल्यात.

मालकांच्या शयनगृहाला लागून असलेलं न्हाणीघर मात्र निखळ चैनीचं. मध्ये भिंतच नाही, फक्त पडदा. निळसर फरशांचा खोल टब, आणि त्याच्या काठावर पाठीच्या बाकाप्रमाणे वळत गेलेला राखाडी फरशीचा पक्का बिछाना: पाण्यातून निघावं आणि ओल्या अंगाने तिथेच लवंडावं. याच सुमारास ल कॉर्बुझिएने डिझायनर शार्लोत पेरियाँ आणि चुलतभाऊ पिएर यांच्याबरोबर लवंडायची प्रसिद्ध खुर्ची केली, तिचाच आकार इथे बांधकामात आला. वर छताला काच लावून उजेड घेतलेला.

त्या काचेपासूनच तक्रारी सुरू झाल्या. पाऊस आला की तिच्यावर असा काही आवाज व्हायचा की रात्री डोळ्याला डोळा लागू नये, असं बाईंनी सुरुवातीलाच कळवलं. पुढे आवाजाची जागा पाण्याने घेतली. १९३६च्या सप्टेंबरातल्या पत्रात त्या लिहितात की हॉलमध्ये गळतंय, रॅम्पवर गळतंय, गॅरेजची भिंत चिंब आहे आणि न्हाणीघरात पाणी साचतंय. पुढच्या वर्षी त्यांनी सरळ लिहिलं की हे घर राहण्याजोगं नाही, दुरुस्त करून द्या, नाहीतर कोर्टाची पायरी चढावी लागेल. इकडे ल कॉर्बुझिएची सूचना अशी की हॉलमधल्या टेबलावर एक वही ठेवावी, घर बघायला येणाऱ्या नामवंतांच्या सह्या त्यात जमतील.

कोकणातला कुठलाही वाचक चित्र बघताच विचारील की या घराच्या पागोळ्या पडतात कुठे? उत्तर आहे, कुठेच नाही. वळचण नाही, छज्जा नाही, उतार नाही. पावसाचं पाणी गच्चीवर घ्यायचं आणि घराच्या पोटातल्या नळांनी खाली सोडायचं, ही योजना. तिच्यामागे विचार होता. उन्हाने आणि थंडीने काँक्रीट ताणतं-आखडतं, त्याला चिरा जातात. वर माती आणि बाग ठेवली तर स्लॅब ओलसर, एका तापमानाला राहील आणि टिकेल, असं तो मांडायचा. तर्क चुकीचा नव्हता. पण तर्काला पेलणारं कोनाकोपऱ्यांचं काम आणि ओल रोखणारा थर त्या काळच्या कारागिरीत नव्हता, आणि पांढऱ्या पेटीची रेघ बिघडू नये म्हणून भिंतीवरून पाणी बाहेर फेकणारा एकही कंगोरा त्याने ठेवला नाही. गच्चीवर कोबा घालूनही दर दोन पावसाळ्यांनी वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलावणाऱ्या पुण्या-मुंबईच्या सोसायटीला बाईंची बाजू समजावून सांगायला नको. माझं मत बाईंच्या बाजूने आहे. ज्याच्या पैशाने प्रयोग होतो, त्याला निदान कोरडं झोपायला मिळावं.

खटला झाला नाही, कारण महायुद्ध आलं. १९४०मध्ये सव्हॉय कुटुंबाने घर सोडलं. आधी जर्मन सैन्य राहिलं, मग अमेरिकन. नंतर तिथे गवताचे भारे रचले गेले. १९५८मध्ये गावाने शाळेसाठी जमीन ताब्यात घेतली आणि घर पाडायचं घाटत होतं. देशोदेशीच्या वास्तुकारांनी आरडाओरड केली, त्या वेळचे संस्कृतिमंत्री आंद्रे मालरो मध्ये पडले आणि घर वाचलं. शाळा शेजारी झाली. सात हेक्टरांतली बरीचशी जमीन तिच्याकडे गेली आणि माथ्यावरच्या त्या चौकटीतलं मोकळं खोरंही गेलं. त्या शाळेला नाव मिळालं ल कॉर्बुझिएचं. तो स्वतः ऑगस्ट १९६५मध्ये भूमध्य समुद्रात पोहताना वारला. डिसेंबरात घर राष्ट्रीय स्मारक झालं. २०१६मध्ये त्याच्या सात देशांतल्या १७ कामांना एकत्र जागतिक वारसा ठरवण्यात आलं, त्यात प्वासी आहे आणि चंदीगडचं कॅपिटॉल संकुलही.

घर वाचलं, तरी ते त्या जागेचं होतं का, हा प्रश्न उरतोच. काम चालू असतानाच, १९२९मध्ये, ब्यूनोस आयरिसच्या व्याख्यानात त्याने हेच घर अर्जेंटिनाच्या माळावर वीस वेळा मांडून दाखवलं होतं. गावाबाहेरच्या घराने तिथल्या मातीशी, पावसाशी काही नातं ठेवावं, ही अपेक्षा त्याला तेव्हा शिवली नव्हती.

नंतर शिवली, आणि ती भारतात. पुण्यात १९२७ साली जन्मलेले, मुंबईच्या जे. जे.मध्ये शिकलेले बाळकृष्ण दोशी १९५१मध्ये त्याच्या पॅरिसच्या कचेरीत रुजू झाले आणि पुढे अहमदाबादची कामं त्यांनीच उभी करून घेतली. त्यातलं १९५६चं व्हिला शोधन हे प्वासीचं धाकटं, पण शहाणं भावंड. रॅम्प आहे, खांब आहेत, आरपार गच्च्या आहेत. पण पांढरा गिलावा गेला आणि उघडं काँक्रीट आलं. खिडक्यांच्या पट्टीच्या जागी ऊन अडवणारे खोल कोनाडे आले. आणि सगळ्यावर छत्रीसारखं वेगळं छप्पर उचलून धरलं, म्हणजे खाली सावली आणि मधून वारा. पंचवीस वर्षांपूर्वी नाकारलेला छज्जा त्याने अखेर अख्ख्या घरावर घातला.

खांबांवर घर उचलायची कल्पना आपल्या शहरांत स्टिल्ट पार्किंग होऊन मुरली. तळमजला मोकळा आणि वर भिंतींनी जड झालेले मजले, ही रचना भूकंपात खांबांपाशी मोडते. २६ जानेवारी २००१ला अहमदाबादच्या कित्येक इमारती अशाच बसल्या. दुमजली, हलक्या पेटीचं सूत्र गणित न करता उंच इमारतीला लावलं, तो दोष प्वासीच्या पदरात टाकता येणार नाही.

पॅरिसला गेलात तर आरईआर या उपनगरी रेल्वेच्या 'ए' मार्गाच्या प्वासी या शेवटच्या स्टेशनावर उतरा आणि चढ चालत जा. सोमवारी घर बंद असतं. तिकडे जाणं जमणार नसेल, तर अहमदाबादेत आश्रम रोडवर साबरमतीच्या काठी मिल ओनर्स असोसिएशनची १९५४ची इमारत आहे. रस्त्यावरून थेट पहिल्या मजल्यावर जाणारा तिचा रॅम्प सावकाश चढून बघा, आणि मोबाइल खिशातच राहू द्या.