दिवाणखान्यातला शिकारी

काचेच्या टाकीत मासे पाळण्याची हौस आपल्या मॉरिशसमध्ये कित्येक घरांत आहे. गप्पी आणि गोल्डफिश झाले की मुलांचा डोळा ‘ऑस्कर’वर जातो. अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातला हा शिकारी मासा दुकानात बोटाएवढा दिसतो. घरात रुळला की माणसे ओळखतो, खाणे मागायला काचेशी येतो. या हौसेला आमचा विरोध नाही. परंतु आधी हिशेब मांडावा, एवढेच आम्ही सुचवितो.

हे पिल्लू वर्षभरात वीतभर होते, पुढे ३० सेंटिमीटरपर्यंत वाढते आणि नीट सांभाळल्यास १० वर्षांहून अधिक जगते. तोंडात मावेल तो सोबती गिळणे हा त्याचा स्वभावच. एकट्या माशालाही निदान ३०० लिटरची टाकी हवी. नुसते पाणीच ३०० किलो भरते. तेव्हा टाकी तळमजल्यावर, भक्कम बैठकीवर ठेवावी.

मासा खादाड, म्हणून घाणही फार. तिच्यातून होणारा अमोनिया माशाला विषासमान. गाळणीत वाढणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट करतात. पण नव्या टाकीत त्यांचा जम बसण्यास महिना-दीड महिना लागतो. तोवर मासा आणू नये. पुढे दर आठवड्यास पाव हिस्सा पाणी बदलावे. पाणी २४ ते २७ अंश हवे. क्यूर्पीप, वाक्वाच्या हिवाळ्यात हीटरवाचून भागत नाही. चक्रीवादळात वीज गेली की गाळणी थांबते, म्हणून सेलवर चालणारा हवेचा पंप घरात असावा. जिवंत गोल्डफिश खाऊ घालू नयेत. त्यातून रोग येतात. गोळ्या, कोळंबी, गांडुळे पुरेत.

खरा प्रश्न पुढेच आहे. मासा डोईजड झाला की काही मंडळी तो नदीत सोडतात आणि पुण्य केले असे मानतात. अमेरिकेत फ्लोरिडाच्या कालव्यांत ऑस्कर असाच परका येऊन कायमचा वसला आहे. आफ्रिकेच्या व्हिक्टोरिया सरोवरात १९५० च्या दशकात सोडलेल्या नाईल पर्च या शिकारी माशामुळे तिथल्या कित्येक लहान जाती नाहीशा झाल्या. आपल्या नद्या तर आखूड. कामारोंनी आणि वाम माशांनी पळावे कुठे?

तेव्हा वाचकहो, पोसणे जमत नसेल तर मासा दुकानदारास परत द्यावा किंवा मोठी टाकी असलेल्या हौशी माणसाच्या हवाली करावा. नदीत मात्र सोडू नये.