किनाऱ्यालगतच्या वाडीत पाहुण्यांचा तंबूनिवास

कोकणपट्टीतील पुष्कळ शेतकऱ्यांची जमीन थोडी असते. चार-दोन गुंठ्यांची भातखाचरे, घरामागे नारळ-पोफळीची वाडी आणि चढावर आंब्या-काजूची काही झाडे, एवढ्यावर कुटुंबाचा निर्वाह चालतो. दि. 3 जून 2020 रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने रायगड व उत्तर रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील असंख्य वाड्या एका दिवसात आडव्या केल्या. नव्याने लावलेला माड फळावर येण्यास पाच ते सात वर्षे लागतात. अशा मधल्या काळात जोडधंद्याची गरज तीव्रतेने भासते. शहरातील कुटुंबांना दोन-चार दिवस वाडीतच तंबूत राहण्याची सोय करून देणे, हा असा एक जोडधंदा होय. तो सुरू करताना कोणता विचार करावा, याचे विवेचन येथे केले आहे.

पाहुणा कशासाठी येतो?

पाहुणा चैनीच्या सोयींसाठी वाडीत येत नाही. तसे असते तर तो शहरातच थांबला असता. त्याला सारवलेले खळे, रहाटाचा आवाज, घावन, कुळथाची पिठी, सोलकढी आणि झाडावरून नुकतेच उतरविलेले शहाळे हवे असते. मंडणगड तालुक्यातील वेळास गावी कासवांची पिल्ले समुद्रात जाताना पाहण्यासाठी येणारी मंडळी गावकऱ्यांच्या घरीच उतरतात व घरचेच जेवण जेवतात. तेव्हा मोठे भांडवल घालून बांधकाम करण्याचे प्रयोजन नाही. स्वच्छ जागा, स्वच्छ पाणी, स्वच्छ शौचालय व वेळेवर जेवण या चार गोष्टी चोख असल्या म्हणजे पुरे.

तंबूंची संख्या विहिरीने ठरवावी

किती तंबू उभारावेत, हे जागेवरून ठरविण्याची चूक अनेकांकडून होते. ती संख्या विहिरीच्या पाण्यावरून, तीही मे महिन्यातील पाण्यावरून ठरवावी. ग्रामीण पाणीपुरवठ्यात दरडोई दररोज 55 लिटर हे प्रमाण धरले जाते. चार तंबूंत आठ पाहुणे उतरले, तर त्यांस दररोज 440 लिटर पाणी लागेल. फेब्रुवारी ते मे या काळात ठिबक पद्धतीने एका माडास दररोज सुमारे 40 लिटर पाणी द्यावे लागते. म्हणजेच आठ पाहुणे अकरा माडांचे पाणी वापरतात. हा हिशेब प्रत्येक शेतकऱ्याने आधीच मांडून पाहावा.

किनाऱ्यालगत याहून मोठा धोका आहे. वालुकामय जमिनीत गोडे पाणी हे खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा 1 मीटर उंच असेल, तर त्याखाली सुमारे 40 मीटर खोलीपर्यंत गोडे पाणी टिकून राहते. पंपाने अतोनात उपसा केल्यास ही पातळी उतरते आणि खालचे खारे पाणी त्याच प्रमाणात वर सरकू लागते. एकदा मचूळ झालेली विहीर पुन्हा गोडी होण्यास कित्येक पावसाळे लागू शकतात. माड थोडा खारेपणा सोसतो. परंतु पोफळ, केळ व मिरी यांस तो मानवत नाही. पाहुण्यांच्या चार पैशांसाठी पिढ्यान्‌पिढ्यांची वाडी गमावणे कोणासही परवडणार नाही.

म्हणून स्नानासाठी फवाऱ्याऐवजी बादली-तांब्या ठेवावा. एकाच वेळी मोठा उपसा न करता थोडाथोडा करावा. एप्रिल व मे महिन्यांत दर पंधरवड्यास पाण्याचा नमुना तपासून घ्यावा व खारेपणा वाढू लागल्याचे दिसताच पाहुणे घेणे थांबवावे. न्हाणीचे पाणी खडी व वाळूच्या खड्ड्यातून गाळून केळींच्या आळ्यात सोडावे.

जागेची निवड

माडाखाली तंबू कधीही उभारू नये. माडाची साधारणपणे महिन्यास एक झावळी गळते आणि नारळ केव्हा पडेल याचा नेम नसतो. सुरूच्या जुन्या, पोकळ झाडांखालची जागाही टाळावी. अमावास्या व पौर्णिमेच्या उधाणाचे पाणी जेथवर पोहोचते, त्या रेषेच्या बऱ्याच वर तंबू असावा. जमीन किंचित उताराची असावी व सभोवार पाण्याचा चर काढावा. गोठा, शेणखताचा उकिरडा व औषधांची खोली यांपासून निवासाची जागा दूर ठेवावी.

शौचालय दोन खड्ड्यांचे असावे. ते विहिरीपासून निदान 15 मीटर दूर व उताराच्या खालच्या अंगास बांधावे; वाळूच्या जमिनीत हे अंतर आणखी वाढवावे. एक खड्डा भरल्यावर दुसरा वापरात घ्यावा व पहिला दोन वर्षे बंद ठेवल्यास त्यातील मैल्याचे सोनखत होते.

हंगाम व सुरक्षितता

नोव्हेंबर ते मेचा पहिला आठवडा हा या निवासाचा योग्य काळ होय. मे 2021 मध्ये तौक्ते वादळ याच किनाऱ्याला घासून गेले, हे ध्यानात ठेवून त्यानंतर तंबू गुंडाळून ठेवावेत. वादळाची सूचना मिळताच पाहुण्यांना पक्क्या इमारतीत हलविण्याची व्यवस्था आधीच ठरवून ठेवावी.

आंब्यावर औषध फवारण्याच्या दिवशी बागेत पाहुण्यांस जाऊ देऊ नये. औषधे कुलपात असावीत. कातळ व गडग्यांच्या आसपास फुरसे आढळते. यास्तव रात्री बॅटरी व पायांत बूट आवश्यक आहेत. सर्पदंश झाल्यास जखम कापू नये, घट्ट आवळून बांधू नये व मंत्रतंत्रात वेळ न दवडता रोग्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे. समुद्रस्नानाची सुरक्षित जागा व वेळ पाहुण्यांस समजावून सांगावी. भरतीची वेळ दररोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे जाते, हे शहरातील माणसास ठाऊक नसते.

कासवांच्या विणीच्या किनाऱ्यावर रात्री दिवे, शेकोटी व गोंगाट करू देऊ नये. अंड्यांतून बाहेर पडलेली पिल्ले उजेडाच्या दिशेने चालतात आणि दिव्यांमुळे समुद्राऐवजी जमिनीकडे वळून मरतात.

नोंदणी व हिशेब

महाराष्ट्र शासनाने 2020 साली कृषी पर्यटन धोरण जाहीर केले असून केंद्राची नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे करता येते. भरतीरेषेलगतच्या जमिनीस किनारा नियमन क्षेत्राचे निर्बंध लागू आहेत. म्हणून तंबूसाठी जोते किंवा कायम बांधकाम करण्यापूर्वी ग्रामपंचायत व महसूल कार्यालयात चौकशी करावी. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यास या कामी साहाय्य द्यावे.

पाहुण्यांचा जमाखर्च वेगळ्या वहीत लिहावा. त्यात घरातील स्त्रियांच्या श्रमांचे मोलही मांडावे. स्वयंपाक व सफाईचा बहुतेक भार त्यांच्यावरच पडतो, आणि तो न धरल्यास दिसणारा नफा खोटा ठरतो. लावणी, कापणी व आंबा उतरविण्याच्या दिवसांत मनुष्यबळ अपुरे पडत असेल, तर त्या दिवसांत पाहुणे घेऊ नयेत.

पाहुणा येतो तो शेतीमुळे. वाडी हिरवी व विहीर गोडी असेल तोवरच हा जोडधंदा चालेल. म्हणून प्रथम दोनच तंबूंनी आरंभ करावा, एक उन्हाळा विहिरीचे पाणी पाहावे आणि मगच तिसऱ्याचा विचार करावा.