तान्ह्या बाळाचें वेळापत्रक

ज्याची सारी हयात शाळेची घंटा ऐकण्यांत व ऐकविण्यांत गेली, त्यानें तान्ह्या बाळाच्या दूध-झोंपेविषयीं बोलावें, ह्याचें कित्येकांस नवल वाटेल. परंतु गेल्या उन्हाळ्यांत माझी कन्या बाळंतपणाकरितां म्हसवडास माहेरीं आली, आणि नातीनें मला जो धडा दिला तो आपणांपुढें ठेवावा, एवढाच माझा हेतु आहे.

पहिले पंधरा दिवस बाळ दोन-अडीच तासांनीं जागें होई, पिई व पुन्हां निजे. मी वहींत वेळा टिपीत असें. वेळापत्रक जमलें अशी माझी समजूत झाली. तिसऱ्या आठवड्यांत सारा क्रम मोडला. दिवेलागणीपासून बाळ घडोघडी रडूं लागलें. पाजून खालीं ठेवावें तों पुन्हां तोंड फिरवून शोधूं लागे. आमच्या मंडळींचें निदान झालें, ‘अंगावरचें पुरत नाहीं, वरचें दूध सुरू करा.’ मी म्हटलें, ‘तीन तासांची शिस्त लावा.’ बिचारी मुलगी दोहोंकडून रडकुंडीस आली. एकविसाव्या दिवशीं आशाताई आल्या. त्यांनीं बाळाचें वजन केलें व म्हणाल्या, ‘गुरुजी, वजन वाढतंय, लंगोट ओले होताहेत, मग दूध कमी कसं?’ आम्ही दोघेंही चुकलों होतों.

ह्याचें कारण असें. नवजात बाळाचें जठर लहान असतें व आईचें दूध लवकर पचतें. म्हणून तें चोवीस तासांत आठ ते बारा वेळां पितें. झोंप एकंदर सोळा तासांच्या आसपास, पण तुकड्यातुकड्यांनीं. दिवसरात्रीचें भान त्यास दोन-तीन महिन्यांत हळूहळू येतें. तिसऱ्या व सहाव्या आठवड्याच्या सुमारास पुष्कळ बाळांची भूक कांहीं दिवस एकाएकीं वाढते, आणि सायंकाळीं तर तीं पुन्हांपुन्हां पिऊं पाहतात. आमच्या दुष्काळी माणदेशांत विहीर फार उपसली तर आटते. आईच्या दुधाचें उलट आहे. बाळ जितकें ओढील तितकें नवें तयार होतें. अशा वेळीं वरचें दूध दिल्यास बाळ कमी ओढतें, आणि जी टंचाई नव्हती ती खरोखरीच ओढवते.

घड्याळाची शिस्त माझ्या एकट्याच्या डोक्यांतली नव्हे. न्यूझीलंडमध्यें १९०७ सालीं डॉक्टर ट्रुबी किंग यांनीं जी संस्था काढिली, तिनें चार-चार तासांनींच पाजण्याचा दंडक घातला, व तो दूरवर पसरला. आज जागतिक आरोग्य संघटना सांगते, बाळ मागेल तेव्हां पाजावें, आणि पहिले सहा महिने केवळ आईचेंच दूध द्यावें. कडक उन्हाळ्यांतहि निराळें पाणी नको. मध तर वर्ष पुरें होईपर्यंत बोटभरहि चाटवूं नये. त्यांतून एक घातक विषबाधा होऊं शकते.

आशाताईंच्या फेऱ्यांमागें महाराष्ट्राचाच अनुभव आहे. गडचिरोली जिल्ह्यांत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनें खेड्यांतील स्त्रियांस नवजात बाळाची देखभाल शिकविली. १९९९ सालीं ‘लॅन्सेट’मध्यें प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालाप्रमाणें तेथील नवजात मृत्यूंचें प्रमाण साठ टक्क्यांहून अधिक घटलें. २०११ पासून ही पद्धत देशभर स्वीकारली गेली.

तेव्हां घड्याळाऐवजीं बाळाकडे पाहावें. सहाव्या दिवसापासून रोज सहा किंवा अधिक लंगोट ओले होत असतील, आणि जन्मानंतर थोडें उतरलेलें वजन दोन आठवड्यांत भरून येत असेल, तर निश्चिंत असावें. दिवसा घरांत उजेड व बोलणेंचालणें असूं द्यावें. रात्रीं दिवा मंद ठेवून, न बोलतां पाजावें. बाळास उताणें निजवावें. परंतु तें पिईनासें झालें, जागें करूनहि सुस्त राहिलें, अंग तापलें वा गार पडलें, श्वास जलद चालला, लघवी कमी झाली किंवा कावीळ हातापायांवर उतरली, तर क्षणाचाहि विलंब न करितां डॉक्टरांकडे न्यावें.

आणि एक विनंति. रात्रभर जागलेल्या त्या मातेस दिवसा दोन घटका निजूं द्यावें. बाळाला पाजणें तिच्याखेरीज कोणास साधत नाहीं. परंतु ढेकर काढणें, दुपटीं बदलणें, खांद्यावर घेऊन अंगणांत फिरणें हें आजोबांसहि साधतें. मीं वही मिटून हें काम पत्करलें. दोन-चार दिवसांत बाळाची घाई ओसरली, आणि मुलीच्या चेहऱ्यावर पुन्हां हंसूं आलें.